बाणाची दांडी कशाची घ्यावी: लाकूड, बांबू, ॲल्युमिनियम की कार्बन

माझ्या ओळखीतले सोलापूरचे बहुतेक तिरंदाज बाण ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला फोन करून मागवतात. दांडी हातात घेऊन, किंचित वाकवून, बोटावर तोलून पाहण्याची सोय त्यात नसते. पडद्यावर एक चित्र दिसते, त्याखाली ‘कार्बन’, ‘हंटिंग’, ‘स्पाइन ३४०’ असे शब्द दिसतात, आणि किंमत दिसते. निर्णय बहुधा किमतीवर आणि रंगावर होतो. मीही माझा पहिला डझन असाच घेतला. धनुष्य होते २८ पौंडांचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले साधे धनुष्य) आणि घरी आले ते ७० पौंडांच्या कंपाउंडसाठी (टोकांना चाके असलेल्या धनुष्यासाठी) बनवलेले, पानाफांद्यांची नक्षी छापलेले कार्बनचे बाण. १८ मीटरवर प्रत्येक बाण डावीकडे जात असे. दोन महिने मी स्वतःच्या बोटांत दोष शोधत राहिलो. दोष दांडी आणि धनुष्य यांच्या जोडीत होता.

तेव्हापासून मी नवशिक्यांना सांगत आलो आहे की ‘कशाचा बाण घेऊ?’ हा प्रश्न पहिला नसून चौथा आहे. आधी धनुष्याचा जोर पाहावा, मग आपली ओढ (दोरी किती इंच मागे येते ते) मोजावी, मग त्या दोहोंना पेलणारा दांडीचा ताठरपणा ठरवावा, आणि त्यानंतरच साहित्याकडे वळावे. या क्रमाने गेल्यास साहित्याचे उत्तर पुष्कळदा आपोआप मिळते आणि ते अपेक्षेपेक्षा स्वस्त निघते.

ताठरपणा, म्हणजे स्पाइन

बाण सुटतो त्या क्षणी दोरी त्याला मागून ढकलते आणि टोकाचे वजन जागचे हलायला नकार देते. या दोहोंमध्ये दाबली गेलेली दांडी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वाकते, आणि अशी लवलवत काही मीटर गेल्यावर पिसांच्या आधाराने स्थिर होते. बोटांनी दोरी सोडणाऱ्या रिकर्व्हमध्ये हे वाकणे आडवे असते, कारण बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते. रिलीजने (दोरी सोडणाऱ्या चापाने) सोडल्या जाणाऱ्या कंपाउंडमध्ये ते कमी असते आणि मुख्यतः वर-खाली असते. दांडी गरजेपेक्षा ताठ असेल तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो आणि मऊ असेल तर उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी हे उलटे वाचावे.

दांडीवर छापलेला स्पाइनचा आकडा कसा काढतात ते समजले की निम्मा गोंधळ मिटतो. २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवतात, मधोमध ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ती किती लवली ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. अर्धा इंच लवली तर स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितकी दांडी मऊ. मोठा आकडा म्हणजे मजबूत बाण असे समजून खरेदी करणारे दरवर्षी भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ही मोजणी घरीही करता येते. एका सरळ फळीवर ७११ मिलिमीटरवर दोन खिळे ठोकावेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाळूची पिशवी ८८० ग्रॅम तोलून घ्यावी आणि यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमधून व्हर्नियर मागून आणावा. सोलापुरात ते अवघड नाही. १२.७ मिलिमीटर लवणारी दांडी ५०० ची, २०.३ लवणारी ८०० ची आणि २५.४ लवणारी १००० ची असते. मात्र दांडी निदान २९ इंच लांब असावी, म्हणजेच ही चाचणी कापण्यापूर्वी करावी. जुने बाण विकत घेताना, आणि विशेषतः छापील आकडा पुसला गेलेला असताना, हा खटाटोप फार उपयोगी पडतो.

धनुष्याच्या बाजूने पाहिल्यास एक आकडा फसवा आहे. रिकर्व्हच्या लिंबवर (धनुष्याच्या लवणाऱ्या पात्यावर) लिहिलेले पौंड हे २८ इंच ओढीला मोजलेले असतात, आणि प्रत्यक्ष ओढ एक इंच कमी किंवा जास्त झाली की जोर साधारण दोन पौंडांनी उतरतो किंवा चढतो. लिंबवर ३० लिहिले आहे पण मुलीची ओढ २६ इंचच आहे, तर तिच्या बोटांवर सुमारे २६ पौंडच येतात, आणि बाण २६ पौंडांचा घ्यावा लागतो. क्लबमध्ये हुकाचा ताणकाटा असेल तर पूर्ण ओढीला तोच लावून पाहणे सर्वांत चांगले.

ढोबळ अंदाजासाठी सांगायचे तर २८ इंचांच्या बाणाला २८ पौंडांच्या रिकर्व्हवर ८०० च्या आसपासची दांडी, ४० पौंडांवर ६०० च्या आसपासची, कंपाउंडच्या ५० पौंडांवर ५०० ची, ६० वर ४०० ची आणि ७० वर ३४० ची दांडी लागते. अंतिम निवड त्या त्या उत्पादकाच्या तक्त्यावरूनच करावी. तक्त्यातल्या दोन मापांच्या सीमेवर अडकलात तर मऊ आणि लांब दांडीपेक्षा किंचित ताठ दांडी घ्यावी की उलट, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत असे की वाढत्या वयाच्या, वर्षभरात लिंब बदलणाऱ्या मुलासाठी ताठ आणि चार-पाच सेंटिमीटर जास्त लांब दांडी घ्यावी. लांब दांडी मऊपणे वागते, कापली की ताठ होते. टोक जड केले तरी ती मऊपणे वागते. म्हणजे जोर वाढत जाईल तशी तीच दांडी थोडी थोडी कापून वापरता येते. कापलेली दांडी मात्र परत जोडता येत नाही, आणि आखूड बाण ओढताना रेस्टवरून (बाण टेकवण्याच्या आधारावरून) मागे घसरला तर तो सरळ धरलेल्या हातात घुसतो. म्हणून पूर्ण ओढीला टोक रेस्टच्या पुढे निदान दोन-तीन सेंटिमीटर राहिलेच पाहिजे.

ॲल्युमिनियम

सोलापुरात शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिला डझन ॲल्युमिनियमचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी यंत्रात ओढून काढलेली असल्यामुळे स्वस्त डझनातल्या बाराही दांड्या वजनाने आणि ताठरपणाने जवळजवळ सारख्या असतात, आणि नवशिक्याला सर्वांत जास्त गरज याच सारखेपणाची असते. बाण चुकला तर चूक आपली आहे की बाणाची, हे त्याला कळले पाहिजे. बारा बाण बारा स्वभावांचे असतील तर ते कधीच कळत नाही.

या नळ्यांवर चार आकडी क्रमांक असतो, आणि तो मॉडेलचा क्रमांक नसून माप आहे. पहिले दोन आकडे बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात, पुढचे दोन भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. १८१६ म्हणजे १८/६४ इंच, सुमारे ७.१ मिलिमीटर व्यास, आणि ०.४१ मिलिमीटर भिंत. हिचा स्पाइन ७५६ च्या आसपास येतो. १७१६ ची भिंत तेवढीच, व्यास जेमतेम ०.४ मिलिमीटरने कमी, तरी स्पाइन ८८० वर जातो. ताठरपणा भिंतीपेक्षा व्यासावर किती अवलंबून असतो हे या दोन क्रमांकांवरूनच दिसते. चांगल्या बाणांत ७०७५ क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. साध्या मऊ ॲल्युमिनियमची नळी दिसायला तीच, पण आठवड्यात केळीसारखी होते.

वाकणे हाच या साहित्याचा खरा दोष आहे. बट (बाण रोवून घेणारा लक्ष्याचा गठ्ठा) चुकवून मागच्या मुरमात किंवा दगडावर गेलेला बाण बहुतेक वेळा वाकतो. काचेच्या तुकड्यावर तो लोळवून पाहिला की थरथर दिसते. थोडा बाक सरळ करता येतो, पण दोन-तीनदा सरळ केलेली नळी पुन्हा त्याच जागी वाकते, आणि घडी पडलेली किंवा चेमटलेली नळी सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. तरीही वाकलेला ॲल्युमिनियम आपण वाकलो आहोत हे उघड सांगतो, आणि हा त्याचा गुणही आहे, हे कार्बनकडे गेल्यावर लक्षात येईल.

दुसरी मर्यादा अंतराची. २८ इंचांची १८१६, टोक, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पिसांसह, सुमारे ३६० ग्रेन, म्हणजे २३ ग्रॅम भरते. त्याच कामाची हलकी कार्बन दांडी २९० ग्रेनमध्ये, १९ ग्रॅमच्या आत बसते. १८ किंवा ३० मीटरवर हा फरक कोणाला जाणवत नाही. ७० मीटरवर मात्र कमी जोराच्या धनुष्यातून जड बाण इतका खाली पडतो की साइट (नेम धरण्याची खूण) उतरवता उतरवता ती बाणाच्याच वाटेत येऊ लागते. तोवर थांबावे, तोवर कार्बनची घाई नको.

कार्बन

कार्बनची दांडी म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे धागे. ज्या शहराने सूत आणि चादरी यांवर पिढ्या काढल्या, त्याला हे समजावून सांगणे सोपे आहे: ताण्याचे धागे लांबीच्या दिशेने असले तर दांडी लवायला कडक होते, पण आडवे धागे नसतील तर ती उभी चिरते. म्हणून चांगल्या दांडीत थर वेगवेगळ्या दिशांना गुंडाळलेले असतात. गुंडाळीचा शेवट जिथे येतो तिथे भिंत किंचित जाड होते, त्यामुळे स्वस्त दांडी एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने मऊ लागू शकते. वर सांगितलेल्या फळीवर दांडी एकेक चतुर्थांश फिरवून चार मोजमापे घेतली की हे पकडता येते. फरक आढळल्यास सर्व बाणांचे नॉक एकाच ताठ बाजूला जुळवून बसवावेत.

डब्यावर .००१, .००३, .००६ असे आकडे दिसतात. ते सरळपणाचे, इंचांतले आहेत: अनुक्रमे ०.०२५, ०.०७६ आणि ०.१५ मिलिमीटर. किंमत याच आकड्यावर चढते. १८ ते ३० मीटरवर सराव करणाऱ्याला .००६ पुरेसे असते, आणि .००१ साठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा वजनाचा सारखेपणा पाहावा असे मी म्हणेन. त्यासाठी बारा बाण घेऊन ओळखीच्या सराफाकडे जावे. सोन्याच्या काट्यावर बाण ठेवलेला पाहून शेजारचे गिऱ्हाईक हसेल, पण दोन ग्रेन म्हणजे ०.१३ ग्रॅम, आणि हा फरक दाखवणारा दुसरा काटा घराजवळ सापडत नाही. बारांमध्ये दोन-तीन ग्रेनपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यातले जवळजवळच्या वजनाचे सहा एका संचात ठेवावेत आणि उरलेले सरावाला.

कार्बनचा धोका हा की तो वाकत नाही. सरळ दिसतो आणि आतून तडकलेला असतो. असा बाण ओढून सोडला तर दांडी दोरीच्या धक्क्याने फुटते आणि तिच्या सुया धनुष्य धरलेल्या हाताच्या मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी घुसतात. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण कठीण वस्तूवर आपटलेला किंवा दुसऱ्या बाणाने ठोकलेला प्रत्येक बाण पुन्हा दोरीला लावण्यापूर्वी दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून दूर ठेवून, वेगवेगळ्या बाजूंनी हलका वाकवावा आणि पिळावा. करकर ऐकू आली, किंवा बोटाच्या नखाला उभी चीर लागली, की तो बाण तिथेच मोडून टाकावा. ‘अजून एखादा राउंड जाईल’ हा हिशेब इथे करू नये.

आपल्या भागात त्याला आणखी एक बाजू आहे. गावाकडे सराव करणारे पुष्कळ जण ज्वारीच्या शेताच्या बांधावर बट लावतात. हरवलेला ॲल्युमिनियमचा बाण नांगरताना कधीतरी वर येतो. कार्बनचा मात्र तुकडे होऊन कडब्यात मिसळतो आणि वैरणीतून जनावराच्या तोंडात जाऊ शकतो. उभ्या पिकाच्या दिशेने कार्बनचे बाण मारूच नयेत, आणि हरवलेला बाण सापडेपर्यंत शोधावा. पावसाळ्यात काळ्या मातीत तो पिसांसकट गडप होतो, त्यामुळे बटमागे जुनी सतरंजी किंवा जाळी लटकवणे स्वस्त पडते.

उन्हाबद्दलही दोन शब्द. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना बंद गाडीची डिकी ६० अंशांपलीकडे तापू शकते. दांडीला त्याचे काही वाटत नाही, पण टोके ज्या हॉट-मेल्ट गोंदाने बसवलेली असतात तो मऊ पडू लागतो. बटमधून बाण ओढला की टोक आतच राहते. कार्बनवर गोंद लावताना किंवा टोक काढताना गॅसची ज्योत थेट दांडीवर धरू नये, कारण रेझिन जळते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. टोकाचा भाग उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की कमी तापमानाचा गोंद सुटतो. कापण्यासाठी वेगाने फिरणारी घासचकती लागते. हॅक्सॉने किंवा नळकापणीच्या हत्याराने धागे फाटतात. ही धूळ फुफ्फुसाला घातक असते, तेव्हा मास्क लावून, शक्यतो ओल्या फडक्याजवळ, उघड्यावर कापावे.

लाकूड आणि बांबू

आमच्या लहानपणी ज्वारीच्या धाटाचा बाण आणि बांबूच्या कांबीचे धनुष्य प्रत्येक वाड्यात असे, आणि ते धाट कधीही दोनदा एकसारखे गेले नाही. लाकडी बाणाची सारी विद्या म्हणजे हा बेभरवसा कमी करणे. परदेशात यासाठी पोर्ट ऑर्फर्ड सीडर, स्प्रूस, पाइन, बर्च यांच्या गोल काड्या मिळतात. व्यास ५/१६, ११/३२ किंवा २३/६४ इंच. काडी घेताना रंगापेक्षा रेषा पाहाव्यात: लाकडाच्या शिरा टोकापासून नॉकपर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूला निघून जाणारी शीर म्हणजे ठरलेली मोडण्याची जागा, आणि तिरकी मोडलेली लाकडी दांडी हातात भाल्यासारखी घुसते.

लाकडाचा स्पाइन वेगळ्या पद्धतीने मोजतात, हे विसरल्यामुळे घोटाळे होतात. आधार २६ इंचांवर, वजन दोन पौंडांचे, म्हणजे ९०७ ग्रॅम, आणि २६ ला इंचांतल्या लवेने भागले की पौंड मिळतात. ०.६५ इंच लवली तर ती ४० पौंडांची काडी. इथे मोठा आकडा म्हणजे ताठ दांडी, धातू आणि कार्बनच्या नेमका उलट.

बांबू या सर्वांत चिवट. आपल्याकडचा मानवेल भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे जड पण टिकाऊ बाण होतो. पक्का, पुरता वाळलेला वेळू घ्यावा, पेरांवरचे उंचवटे हलके घासावेत, निखाऱ्यावर किंवा हीट-गनवर फिरवत, बाक असेल तिथे गरम करून हाताने सरळ करावा आणि थंड होईपर्यंत सोडू नये. बुंध्याकडचा जाड भाग टोकाच्या बाजूला ठेवला तर वजन पुढे येते आणि उड्डाण स्थिर होते. वीस-पंचवीस काड्यांमधून सहा सारखे बाण निघाले तर समाधान मानावे. लाकूड आणि बांबू दोन्ही ओलावा पितात; कोरड्या सोलापुरातला सरळ बाण जुलैत कोकणातल्या शिबिराला नेला तर वाकून परत येतो. वॉर्निश किंवा तेलाचा हात द्यावा आणि बाण आडवे न टाकता उभे टांगून ठेवावेत.

हौशीपलीकडेही याला जागा आहे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या इंडियन राउंडमध्ये बांबूची धनुष्ये चालतात आणि तिथला बाणही बांबूचा किंवा लाकडाचा असतो. जागतिक संघटनेच्या फील्ड आणि थ्रीडी स्पर्धांतल्या लाँगबो गटातही लाकडी बाणच लागतात. या वाटेने जाणाऱ्या मुलाला कार्बन घेऊन देणे म्हणजे पैसे पाण्यात.

फायबरग्लासच्या दांड्या खेळण्याच्या संचात येतात. जड असतात, फुटल्या की कुसळे हाताला लागतात. मासेमारीच्या धनुष्याला त्या ठीक, बाकी घेऊ नयेत.

लक्ष्य कोणते, त्यावर

रिकर्व्हची ऑलिम्पिक स्पर्धा ७० मीटरवर, १२२ सेंटिमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) होते आणि दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते. एवढ्या लांबवर बाणाचा खरा शत्रू आडवा वारा, आणि आपल्या माळावरचा दुपारचा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला हे सांगायला नको. वाऱ्याला अंग कमी दिसावे म्हणून दांडी बारीक हवी, पण बारीक असूनही ताठ आणि वजनदार हवी. ही मागणी एकटा ॲल्युमिनियम पुरी करू शकत नाही. म्हणून पातळ ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बन गुंडाळलेल्या संयुक्त दांड्या आल्या. त्यांपैकी ईस्टन कंपनीची एक्स-१० ही मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती दांडी १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून वरच्या फळीतल्या रिकर्व्ह तिरंदाजांच्या भात्यात दिसते. ७० मीटरवर तुमचा ग्रुप (बाणांचा पुंजका) अजून दीड-दोन फुटांचा असेल तर तिच्यातून काही मिळणार नाही, हेही तितकेच खरे.

हॉलमध्ये गणित उलटे होते. १८ मीटर, ४० सेंटिमीटरचा फेस, वारा नाही, आणि बाण रेषेला नुसता स्पर्शला तरी वरचा गुण मिळतो. म्हणून जाड दांडी फायद्याची. जागतिक नियमात दांडीचा व्यास ९.३ मिलिमीटरपर्यंत आणि टोकाचा ९.४ पर्यंत चालतो. ॲल्युमिनियमची २३१५ ही ९.१३ मिलिमीटर भरते, म्हणून चालते; २४१३ ही ९.५३ वर जाते, म्हणून बाद. जाड दांडी कमी जोराच्या धनुष्याला फार ताठ पडते, तेव्हा नुसता व्यास पाहून घेऊ नये.

कंपाउंडची गोष्ट थोडी वेगळी. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक विश्वविजेतेपदे जिंकली, आणि त्यानंतर माझ्या ओळखीतलीच तीन-चार मुले रिकर्व्ह ठेवून कंपाउंडकडे वळली. अंतर ५० मीटर, दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटर. या मुलांची नेहमीची चूक म्हणजे रिकर्व्हचे जुने बाण नव्या धनुष्याला लावणे. ८०० स्पाइनची दांडी ५० पौंडांच्या कंपाउंडचा धक्का सोसत नाही आणि धनुष्यातच फुटू शकते. शिवाय कंपाउंडच्या दर पौंडामागे बाणाचे निदान पाच ग्रेन वजन लागते. ५० पौंडांना २५० ग्रेन, म्हणजे १६.२ ग्रॅम. त्याहून हलका बाण मारणे हे रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाते, आणि त्यात लिंब आणि कॅम (टोकांची चाके) दोन्ही जाऊ शकतात.

‘हंटिंग’ लिहिलेल्या दांड्या

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. आपल्या उशाशी नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, काळवीट माळावर उघड्यावर चरतात, आणि पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबतही परवानगी देण्याचा अधिकार वनखात्याचा आहे. धनुष्य घेऊन स्वतः निघण्याची मुभा कोणालाही नाही. मग या दांड्यांची माहिती कशासाठी? एक तर आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कार्बनपैकी बराचसा माल याच जातीचा असतो. दुसरे, फोमच्या प्राण्यांवर खेळल्या जाणाऱ्या थ्रीडी स्पर्धेत तो उपयोगी पडतो.

अमेरिकेत, जिथे परवान्याने धनुष्याची शिकार चालते, दांडीकडून अपेक्षा वेगळी असते. अंतर बहुधा ३० मीटरच्या आतले, पण बाण प्राण्याच्या छातीतून आरपार गेला पाहिजे, नाहीतर जखमी जनावर तडफडत मरते. त्यासाठी वजन लागते. एकाच धनुष्यातून हलका बाण वेगाने जातो, पण जड बाण धनुष्याची ऊर्जा जास्त घेऊन जातो आणि हाडा-मांसाचा अडथळा येऊनही लवकर थांबत नाही. २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८२ मीटरने गेला तर त्याची ऊर्जा ८७ ज्यूलच्या आसपास येते. म्हणून तिथे पौंडामागे सहा-आठ ग्रेनचे, ३०० ते ४०० स्पाइनचे, जाड भिंतीचे बाण वापरतात. टोकाला रुंद पाते असल्यामुळे दांडी जराही वाकडी किंवा मऊ असली तर ते पातेच बाणाला सुकाणूसारखे भलतीकडे नेते. साहित्यात तिथे आज कार्बन पुढे आहे; बाहेरून ॲल्युमिनियमचे आवरण आणि आत कार्बन अशा दांड्याही आहेत, म्हणजे एक्स-१० च्या नेमक्या उलट रचनेच्या, आणि त्या गुळगुळीत असल्याने लक्ष्यातून सहज निघतात. जुने शिकारी २११७, २२१६ अशा ॲल्युमिनियमच्या नळ्या किंवा सीडरचे बाण अजूनही वापरतात. कार्बन प्राण्याच्या अंगात फुटला तर सुया मांसात राहतात, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

सोलापूरच्या गिऱ्हाइकाने यातून एवढेच घ्यावे: दांडीवर ३००, ३४०, ४०० असा स्पाइन आणि इंचामागे नऊ-दहा ग्रेन वजन दिसले, तर ती ६०-७० पौंडांच्या कंपाउंडची आहे. ३० पौंडांच्या रिकर्व्हवर ती कितीही जुळवली तरी डावीकडेच जाणार. दुकानदार ‘सगळ्यांना चालते’ असे म्हणाला, तर त्याला स्पाइनचा तक्ता मागावा.

आल्यावर काय पाहावे

डझन हाती आला की कापण्यापूर्वी दोन बाण बिनपिसांचे ठेवावेत. पहाटे, वारा पडलेला असताना, १८ मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण एकाच बिंदूवर मारावेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागले तर दांडी ताठ आहे: टोक जड करावे किंवा लिंबचा जोर थोडा वाढवावा. उजवीकडे लागले तर मऊ आहे: टोक हलके करावे किंवा अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत जावे. पाच-सहा फेऱ्यांत एकच कल दिसला तरच हात लावावा, कारण एका फेरीत बाणापेक्षा आपली बोटेच जास्त बोलतात.

पुढचा भार मोजणेही सोपे आहे. पुरा जोडलेला बाण सुरीच्या पाठीवर तोलावा आणि नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करावी आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागावे. ७१ सेंटिमीटरचा बाण ४४ वर तोलला तर ८.५ भागिले ७१, म्हणजे १२ टक्के. दहा ते पंधराच्या दरम्यान असेल तर काही बदलू नये.

शेवटी प्रत्येक दांडीवर नाव किंवा आद्याक्षरे आणि १ ते १२ क्रमांक घालावेत. स्पर्धेत नाव लागतेच, क्रमांक आपल्यासाठी. वहीत प्रत्येक फेरीला कोणता क्रमांक कुठे लागला हे लिहीत गेलात तर पंधरवड्यात दिसते की सात नंबर नेहमी बाहेर जातो. आधी त्याचा नॉक बदलून पाहावा, मग पाव वळण फिरवून पाहावा, मग पिसे. तरीही तो बाहेरच गेला तर भात्यातून काढून कोपऱ्यात ठेवावा; पुढे टोक किंवा नॉक लागेल तेव्हा त्याचेच सुटे भाग कामी येतात.